सगळे उपाय करून झाले, तरी वागणं का बदलत नाही?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा अठरा वर्षांचा, ऑटिझम आणि मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता. मोजके आठ-दहा शब्द बोलतो. गेल्या वर्षभरात स्वतःचा हात चावणं आणि समोरच्याला मारणं वाढलं आहे. दुर्लक्ष करून झालं, वेगळ्या खोलीत बसवून झालं, तक्त्यावर स्टार लावून झाले. घरातले म्हणतात, 'त्याला सगळं कळतं, मुद्दाम करतो.' डॉक्टर औषध सुरू करू म्हणतात. पुढच्या महिन्यापासून त्याला प्रौढांच्या दिवसभराच्या केंद्रात पाठवायचं आहे. पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट, म्हणजे पीबीएस, याबद्दल त्यांनी ऐकलं आहे. ते नक्की काय असतं, आणि आता फार उशीर झाला का?

उशीर झालेला नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या बाबतीतही चांगला फरक पडलेला मी पाहिला आहे. पण तुम्ही केलेले उपाय वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. तिन्ही उपाय वागणं थांबवण्यासाठी होते, आणि तो तसं का वागतो हे कळण्याआधीच ते सुरू झाले. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत बहुतेक घरांत होते, शाळांतही होते. पीबीएसची मूळ धारणा अशी की हे वागणं त्या माणसाचं काहीतरी काम करून देत असतं. ते काम कोणतं हे आधी शोधायचं. मग तेच काम कमी त्रासाच्या मार्गाने होईल अशी सोय करायची, आणि त्या कामाची गरजच कमी पडेल असा त्याचा दिवस आखायचा. यात सगळ्यात जास्त बदलावं लागतं ते आपल्याला, आजूबाजूच्यांना. म्हणूनच हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे.

त्याच्याही आधी शरीर तपासा. 'गेल्या वर्षभरात वाढलं' हे तुमच्या प्रश्नातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. ज्याला 'दाढ दुखते' असं सांगता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. दात, कान, बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, डोकेदुखी, अंगाची खाज, अपुरी झोप हे नेहमीचे संशयित. बद्धकोष्ठता तर फार वेळा नजरेतून सुटते, कारण 'तो रोज जातो की' असं उत्तर मिळतं. रोज जाऊनही पोट साफ होत नसेल असं होऊ शकतं. आत कडक मळ साचून त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असेल, तर घरच्यांना उलट जुलाब वाटतात. दातांची तपासणी 'तो बसत नाही' म्हणून वर्षानुवर्षं राहिलेली असते. गरज पडली तर भूल देऊन ती करता येते, आणि ती करावी.

फिट येत असतील तर औषधांकडेही बघा. लेव्हेटिरासिटॅम या औषधाने काही जणांची चिडचिड आणि आक्रमकता वाढते. औषध सुरू केल्याची किंवा डोस वाढवल्याची तारीख आणि वागणं बिघडल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून बंद मात्र करू नका. एखाद्या सिंड्रोमचं निदान झालेलं असेल तर त्याचे स्वतःचे धागे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडची कमतरता आणि झोपेत श्वास अडखळणं इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. स्मिथ-मॅगेनिस या दुर्मीळ जनुकीय सिंड्रोममध्ये झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचं चक्र उलटं चालतं, दिवसा जास्त आणि रात्री कमी. त्यामुळे 'रात्री मुद्दाम जागतो' हा आरोप तिथे अगदीच अन्यायाचा ठरतो. प्रेडर-विली सिंड्रोममध्ये पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही, म्हणून अन्नावरून होणारी भांडणं शिस्तीने सुटत नाहीत.

दुखण्याचा संशय केव्हा घ्यायचा? वागणं अचानक बदललं असेल, कोणी काही मागितलेलं नसताना आणि आवडती गोष्ट चालू असतानाही होत असेल, जेवणानंतर किंवा रात्री जाग येऊन होत असेल, किंवा मार शरीराच्या एकाच जागी बसत असेल, उदाहरणार्थ फक्त एका कानावर. अशा वेळी स्टारचा तक्ता बाजूला ठेवा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

शरीराचं काही सापडलं नाही, किंवा सापडून बरं झालं तरी वागणं उरलं, तर पुढचा प्रश्न: या वागण्याने त्याला काय मिळतं?

1982 साली अमेरिकी वर्तनतज्ज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांबरोबर एक काम केलं, आणि या क्षेत्राची दिशा त्याने बदलली. त्यांनी त्या मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं. एकात शिकण्याचं काम द्यायचं आणि मुलाने इजा केली की काम थांबवायचं. दुसरीत इजा केली की जवळ जाऊन काळजीने बोलायचं. तिसरीत मूल एकटं. चौथीत खेळणी, सोबत, आणि कसलीच मागणी नाही. बहुतेक मुलांचं वागणं सगळीकडे सारखं नव्हतं. ठरावीक परिस्थितीतच ते उसळत होतं, आणि ती परिस्थिती सगळ्यांची एकच नव्हती. 1994 मध्ये याच गटाने 152 जणांची माहिती एकत्र मांडली. त्यात सुमारे 38 टक्के जणांच्या बाबतीत नको असलेल्या गोष्टीतून सुटका हे कारण निघालं. सुमारे 26 टक्क्यांत लोकांचं लक्ष किंवा हवी ती वस्तू मिळणं, आणि जवळपास तितक्याच जणांत शरीराला मिळणारी संवेदना, म्हणजे बाहेरच्या कोणाचा संबंधच नाही. उरलेल्यांत कारणं मिसळलेली होती किंवा स्पष्ट दिसली नाहीत.

आता या नजरेने तुमच्या उपायांकडे बघा. तुमचा मुलगा मारतो तेव्हा त्याला वेगळ्या खोलीत बसवलं जातं. तो समजा कामातून, गर्दीतून किंवा आवाजातून सुटण्यासाठी मारत असेल, तर तुम्ही त्याला नेमकं हवं तेच दिलंत: शांत खोली, काम बंद, माणसं बाहेर. शिक्षा म्हणून दिलेली गोष्ट त्याच्या लेखी बक्षीस झाली. ही शिक्षा जितकी नियमाने दिली जाईल तितकं मारणं पक्कं होत जाईल. उलट, लक्ष मिळवण्यासाठी मारत असेल तर 'अरे, असं करू नये, बघ मला किती लागलं' हे समजावणं म्हणजे त्याला हवी असलेली सोबत. आणि हात चावण्यातून शरीराला काही मिळत असेल तर दुर्लक्ष करा नाहीतर ओरडा, फरक शून्य. तुमची चिकाटी कमी पडलेली नाही. उपाय आणि कारण यांची गाठच पडलेली नव्हती.

दुर्लक्षाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण 'इग्नोर करा' हा सल्ला सगळ्यात स्वस्तात मिळतो. लक्ष मिळवण्यासाठीचं वागणं अनुत्तरित ठेवलं की ते आधी वाढतं. जोरात, जास्त वेळा, कधी नव्या रूपात. हे अपेक्षितच असतं. पण घरात काय होतं? आपण दहा मिनिटं तग धरतो, मग रक्त दिसतं, आणि आपण धावतो. धावायलाच हवं, त्यात चूक नाही. पण त्याच्या हिशेबी निष्कर्ष असा निघतो की हळू चावून भागत नाही, रक्त येईपर्यंत चावलं की माणसं येतात. शिवाय कधी मिळतं, कधी मिळत नाही अशी अवस्था असली की ते वागणं सर्वांत चिवट होतं. म्हणून इजा होईल अशा वागण्यावर नुसतं दुर्लक्ष हा उपाय मी कोणालाही सुचवत नाही. लक्ष हवं असेल तर ते मागण्याचा दुसरा मार्ग आधी हातात द्यायचा, आणि त्या मार्गावर भरभरून लक्ष द्यायचं.

'मुद्दाम करतो' याचं काय? घरातले अगदीच चूक नाहीत. असं केलं की काय होतं हे त्याला बहुधा कळतं. म्हणूनच तर तो तसं करतो. पण त्यावरून 'त्याला दुसरं काही येत असूनही तो हे निवडतो' असं सिद्ध होत नाही. ज्याच्याकडे आठ-दहाच शब्द आहेत आणि त्यात 'बस', 'नको', 'थांब' नाहीत, त्याच्या हातात काय उरतं? मारण्याला उच्चार लागत नाही, ते सगळ्यांना समजतं, आणि त्याचं उत्तर ताबडतोब मिळतं.

कारण शोधण्यासाठी नोंद ठेवा. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय घडलं, असे तीन रकाने पुरतात. दोन आठवडे, सगळ्यांनी मिळून. फक्त दोन पथ्यं पाळा. एक, कॅमेऱ्याला दिसेल तेच लिहायचं. 'हट्ट केला', 'चिडला', 'नाटक केलं' हे आपले निष्कर्ष आहेत. 'टीव्ही बंद केला, बटणाकडे हात नेला, मी हात धरला, त्याने उजवा हात चावला, मी टीव्ही लावला' ही नोंद. दुसरं, काहीच झालं नाही असे तासही लिहायचे. हे कोणी करत नाही, आणि अर्धी उत्तरं तिथेच असतात. आठवड्यातला एखादा वार शांत जातो, एका ठरावीक माणसाबरोबर कधीच काही होत नाही, अंघोळीआधी होतं पण अंघोळीत होत नाही. त्या शांत वेळांत काय वेगळं असतं ते शोधा.

चौथा रकाना मोकळा ठेवा: रात्रीची झोप, शौच, फिट, औषधातला बदल, घरात आलेले पाहुणे, रद्द झालेलं बाहेर जाणं. आदल्या रात्री झोप झाली असेल तर जे काम तो निमूट करतो, त्याच कामावरून झोप मोडलेल्या दिवशी हात उठतो. काम तेच, सांगणारा तोच. अशा दिवशी मागण्या अर्ध्यावर आणाव्यात. यात 'लाड' नाहीत. तुम्हाला ताप असताना तुम्हीही अर्धीच कामं करता. आणि इवाटांसारखे प्रयोग घरी करू नका. वागणं मुद्दाम घडवून आणून पाहणं हे प्रशिक्षित माणसाचं, सुरक्षिततेची तयारी असलेल्या जागेतलं काम आहे.

समजा नोंदींतून दिसलं की बहुतेक वेळा काम चालू असताना किंवा गोंगाटात होतं आणि ते थांबलं की तो शांत होतो. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज या दिशेचा आहे, पण अंदाजच. मग त्याला 'थांबा' म्हणायला शिकवायचं. शब्दाने, खुणेने, कार्डाने किंवा बटण दाबलं की बोलणाऱ्या यंत्राने, जे त्याला सर्वांत सोपं पडेल त्याने. याचा पाया 1985 चा आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरँड या मानसशास्त्रज्ञांनी चार मुलांबरोबर काम केलं. अवघड काम आलं की बिघडणाऱ्या मुलांना 'मला समजत नाही' असं म्हणायला शिकवलं, आणि लक्ष कमी पडलं की बिघडणाऱ्यांना 'मी चांगलं करतोय ना?' असं विचारायला. योग्य वाक्य शिकवलं की त्रासदायक वागणं उतरलं. कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा ते उतरलं नाही. मुलाला नवं वाक्य येणं पुरेसं नव्हतं, त्या वाक्याने त्याचंच काम व्हायला हवं होतं.

इथे बहुतेक योजना फसतात, म्हणून तपशिलात जातो. नवा मार्ग मारण्यापेक्षा सोपा, जलद आणि भरवशाचा हवा. कार्ड कपाटात ठेवलं असेल, किंवा 'आधी नीट बस, मग माग' अशी अट असेल, किंवा तीनदा दाखवल्यावर एकदा थांबायला मिळत असेल, तर मारणं जिंकणार. म्हणून कार्ड त्याच्या अंगावर, नाहीतर हाताच्या अंतरावर. पहिल्या काही आठवड्यांत त्याने कार्ड दिलं की लगेच, दर वेळी, हसतमुखाने थांबायचं. काम अर्ध्यात असो, कोणी पाहुणा समोर असो.

शिकवायचं शांत वेळी. वादळ चालू असताना 'कार्ड दाखव, कार्ड दाखव' म्हणून काही शिकवता येत नाही. उलट कार्डालाच त्या वेळेची चव लागते. सुरुवातीला दोन माणसं असली तर बरं. एक समोर काम देणारा, आणि एक मागून, न बोलता, त्याचा हात कार्डाकडे नेणारा. काम इतकं हलकं निवडायचं की बिनसायच्या आधीच कार्ड द्यायची वेळ येईल. मग मागचा माणूस हळूहळू मदत कमी करतो.

'मग तो दिवसभर कार्डच दाखवेल, काही कामच करणार नाही!' ही तक्रार येणारच. हो, काही दिवस तो भरपूर दाखवतो, आणि दाखवू द्यावं. आपल्या 'थांबा'ला किंमत आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत असतं, ते तपासून तर बघणार ना? एकदा विश्वास बसला की वाढवता येतं. 'हे एक, मग थांबू.' मग 'हे दोन'. वाट पाहायला लावताना किती उरलंय ते डोळ्यांना दिसू द्या. वाळूचं घड्याळ, फोनवरचा टायमर, किंवा एकेक काढून टाकायच्या पाच टिकल्या. 'थोडा वेळ' या शब्दांत कुठे संपतं ते दिसत नाही.

दिवसाच्या आखणीबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. ती नीट झाली की बाकीच्या तंत्रांची गरज निम्मी होते. दिवसभरात काय होणार हे चित्रांत किंवा वस्तूंत दाखवा. बदल होणार असेल तर तेही चित्रातच बदला. नावडतं काम आवडत्या कामाच्या आधी, आणि छोटं. निवड द्या, पण खरी. 'आता अंघोळ करतोस का?' या प्रश्नाला 'नाही' चालणार नसेल तर तो प्रश्न विचारू नका. 'निळा टॉवेल की पिवळा?' हा प्रश्न चालतो, कारण तिथे दोन्ही उत्तरं खरी आहेत.

आणि एक दिवस मोजून बघा: सकाळपासून रात्रीपर्यंत त्याला किती सूचना मिळतात, आणि त्याचं 'नको' किती वेळा ऐकलं जातं. अठरा वर्षांच्या मुलाला काय घालायचं, कधी उठायचं, कुठे बसायचं, कोणाबरोबर जायचं हे सगळं दुसरे ठरवत असतील, तर त्याच्या वयाचा कोणीही भांडेल. फक्त इतरांचं भांडण शब्दांत होतं. पीबीएसमध्ये यश मोजायची पट्टी म्हणूनच दुहेरी असते. मारणं किती कमी झालं ही एक, आणि त्याचं आयुष्य किती रुंदावलं ही दुसरी. किती ठिकाणी जातो, पगार न घेणारी किती माणसं त्याच्या ओळखीची आहेत, स्वतःहून काय करतो. पहिली पट्टी सुधारली आणि दुसरी जागच्या जागी राहिली, तर बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं की माणूस दबला.

हा आग्रह आला कुठून, तर इतिहासातून. 1970 आणि 80 च्या दशकांत अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं वागणं 'सुधारण्यासाठी' विजेचे झटके, तोंडात लिंबाचा रस, नाकाशी अमोनिया, बांधून ठेवणं असे प्रकार उपचार म्हणून चालत. त्याविरुद्ध रॉबर्ट हॉर्नर, एडवर्ड कार आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये वेदना न देणाऱ्या मदतीची मांडणी केली. आजचा पीबीएस तिथून आला. झटक्यांचा प्रश्न इतिहासजमा झाला असं समजू नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने झटक्यांच्या उपकरणांवर 2020 मध्ये बंदी घातली, 2021 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, आणि 2022 मध्ये कायदाच बदलून एफडीएला तो अधिकार द्यावा लागला.

टीकाही सांगायला हवी, कारण केंद्रवाले तुम्हाला सांगणार नाहीत. अनेक ऑटिस्टिक प्रौढांचा आक्षेप असा की 'सकारात्मक' या नावाखाली शेवटी आम्हाला इतरांसारखं दिसायला लावलं जातं. यात तथ्य आहे. हात फडफडवणं, डोलणं, तेच ते वाक्य म्हणणं याने कोणाला इजा होत नसेल तर ते 'कमी करायच्या' यादीत नको. कोणी ते त्या यादीत घातलं तर खोडायला सांगा. दुसरी गोष्ट: इंग्लंडमध्ये 23 सेवा-गटांपैकी काहींत कर्मचाऱ्यांना पीबीएसचं प्रशिक्षण देऊन फरक तपासणारा मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सेवेपेक्षा त्रासदायक वागणं त्याने कमी झालं नाही. मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, पण वेळापत्रक, माणसांची संख्या आणि खोलीतला गोंगाट तोच राहतो. 'आम्ही पीबीएस करतो' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, 'या मुलासाठी तुम्ही स्वतः काय वेगळं करायला लागलात?' उत्तरात फक्त स्टारचा तक्ता आला तर समजायचं काय ते.

प्रत्यक्ष मारामारी चालू असताना काय करायचं? शिकवायचं काहीच नाही. सुरक्षित राहायचं आणि वेळ जाऊ द्यायचा. आवाज खाली, शब्द दोन-तीन, अंतर एका हातापेक्षा जास्त, दाराची वाट मोकळी. इतरांना खोलीतून बाहेर काढणं हे त्याला ओढून बाहेर नेण्यापेक्षा सोपं असतं. शांत झाल्यावरही अर्धा-पाऊण तास मागण्या नकोत. शरीर अजून तापलेलं असतं आणि छोट्या कारणाने पुन्हा भडकतं. 'सॉरी म्हण' हा आग्रह नेमका याच वेळी धरला जातो आणि दुसरी फेरी सुरू होते. पालथं पाडून पाठीवर दाब देणं कोणत्याही परिस्थितीत नाही. श्वास कोंडून माणसं यात मेली आहेत. डोकं आपटणं, डोळ्यात बोट घालणं किंवा न भरणाऱ्या जखमा होत असतील तर हे उत्तर पुरेसं नाही. अनुभवी वर्तनतज्ज्ञ आणि डॉक्टर एकत्र लागतात, आणि लवकर लागतात.

औषधाबद्दल. मी औषधविरोधी नाही. चिंता, नैराश्य, झोपेचा विकार, फिट यांचं रीतसर निदान असेल तर उपचार व्हायलाच हवेत. पण 'आक्रमकता' हे निदान नाही. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन या औषधाला एफडीएने 2006 मध्ये आणि अॅरिपिप्राझोलला 2009 मध्ये मान्यता दिली, ती मुलांसाठी आणि किशोरांसाठी. बौद्धिक अक्षमता असलेल्या 86 प्रौढांवर पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2008 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल हे त्याच प्रकारचं जुनं औषध आणि औषध नसलेली नुसती साखरेची गोळी अशी तुलना होती. आक्रमकता तिन्ही गटांत उतरली, आणि सर्वांत जास्त साखरेच्या गोळीच्या गटात. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अशी औषधं इतर उपाय पुरे पडत नसतील किंवा धोका फार मोठा असेल तेव्हाच द्यावीत, एकटी देऊ नयेत, आणि सहा आठवड्यांत उपयोगाचं लक्षण नसेल तर थांबवावीत.

म्हणून डॉक्टरांना नकार देण्याऐवजी हे विचारा: हे कशासाठी देताय, फरक कशावरून ठरवायचा, आणि कधी आढावा घ्यायचा? वजन, रक्तातली साखर आणि चरबी सुरू करण्याआधी तपासून घ्या, नंतरही ठरावीक काळाने. तुमच्या नोंदी इथे सोन्याच्या मोलाच्या ठरतात, कारण 'थोडा बरा वाटतो' यापलीकडे कोणी काही सांगू शकत नाही. औषध सुरू केलं त्याच आठवड्यात दिवसाची आखणीही बदलू नका. कशाने काय झालं ते मग कधीच कळत नाही. आणि चालू असलेलं औषध अचानक बंद करायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवायचं.

आता पुढच्या महिन्यातलं केंद्र. पूर्ण दिवसाने सुरुवात नको. पहिले काही दिवस एक तास, आणि तो तासही चांगला चालू असतानाच संपवायचा. बिनसल्यावर घरी आणलं तर बिनसलं की घरी जाता येतं हे तो पहिल्याच आठवड्यात शिकेल. आधी त्या जागेचे आणि तिथल्या दोन माणसांचे फोटो त्याच्या वेळापत्रकात येऊ द्या.

जाडजूड फाइल देऊ नका, ती कोणी वाचत नाही. एक पान द्या, त्याच्या फोटोसह. वर त्याला काय आवडतं आणि काय छान जमतं ते. 'मारतो, चावतो' पहिल्या ओळीत लिहिलंत तर लोक घाबरून जवळच येत नाहीत, आणि घाबरलेली माणसं लवकर हात धरतात. मग तो कसा बोलतो: कोणती खूण म्हणजे काय, 'थांबा' कार्ड कुठे असतं, ते दाखवलं की तुम्ही काय करायचं. त्याखाली बिनसण्याआधीची चिन्हं. ही तुम्हालाच माहीत असतात: कान झाकणं, येरझारा, श्वास भरभर, तोच शब्द पुन्हा पुन्हा. त्या वेळी काय करायचं, काय करायचं नाही. शेवटी दुखणं ओळखायच्या खुणा, औषधं, फिट आली तर काय, आणि तुमचा फोन.

हे पान केंद्रात दिल्यावर तिथल्या माणसाला एकदा घरी बोलवा आणि त्याच्यासमोर मुलाला कार्ड वापरू द्या. घरी शिकलेलं कौशल्य नव्या जागी, नव्या माणसाबरोबर आपोआप चालत नाही, ते तिथे पुन्हा शिकवावं लागतं. केंद्राने 'इथे असे लाड चालत नाहीत, इथे सगळ्यांना सारखे नियम' असं म्हटलं, तर एक महिन्याची मुदत मागून घ्या आणि नोंदी त्यांच्यासमोर ठेवा. तरीही कार्ड कपाटात राहिलं, तर दुसरं केंद्र शोधा.